खेळ : एक विसरलेला सद्गुण

एखाद्या गोष्टीची किंमत शून्य ठरवायची असेल, तर मराठीत आपण तिला 'पोरखेळ' म्हणतो. कामाचा विचका झाला की 'खेळखंडोबा' झाला म्हणतो. कोणी बेपर्वाईने वागला, तर तो 'जिवाशी खेळतो'. एवढ्यावरून वाटावे, की आपल्या पूर्वजांना खेळाचे वावडेच असावे. परंतु भाषेचा दुसरा कप्पा उघडून पाहिला, तर तेथे निराळाच ऐवज सापडतो. ज्या कुटुंबात सलोखा असतो तेथील वातावरण 'खेळीमेळीचे' असते. मनमोकळ्या माणसाला आपण 'खेळकर' म्हणतो. घरातील हवा 'खेळती' असावी लागते, नाहीतर जीव गुदमरतो. व्यापाऱ्याचा पैसा फिरता राहिला, तर ते त्याचे 'खेळते भांडवल'. म्हणजे जेथे चैतन्य आहे तेथे खेळ आहे, हेही आपल्या भाषेने जपून ठेवले आहे.

ह्या दोन निवाड्यांपैकी खरा कोणता? खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, की माणसाच्या माणूसपणाचा एक आवश्यक भाग? प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर आपल्या मुलांचे बालपण आणि आपले स्वतःचे प्रौढपण, दोन्ही अवलंबून आहे.

घरभेटीच्या निमित्ताने धर्मग्रामात फिरताना एक तक्रार हमखास कानावर पडते. "फादर, तुम्हीच ह्याला जरा समजवा. दहावीचं वर्ष आहे आणि ह्याचं सगळं लक्ष खेळात!" तक्रारीमागची तळमळ खरी असते. वाडवडिलांची बागायत आता पूर्वीसारखी पोटाला पुरत नाही, नोकऱ्यांसाठी चढाओढ आहे आणि एकेका गुणावर प्रवेश हुकतो. अशा आईवडिलांना हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. त्यांची समजूत काढताना सर्वसाधारणपणे असे सांगितले जाते, की मुलाला थोडे खेळू द्या. खेळाने शरीर घडते, बुद्धी तरतरीत होते, संघभावना वाढते आणि अभ्यासही चांगला होतो.

हे सारे खरेच आहे. पण ह्या उत्तरात एक गोम आहे. येथे आपण खेळाचे समर्थन खेळासाठी करीत नसून अभ्यासासाठी करीत असतो. खेळ हा अभ्यासाचा चाकर म्हणून घरात राहू शकतो, एवढीच ही परवानगी. चाकराचे काम भागेनासे झाले किंवा त्याहून कामाचा दुसरा चाकर मिळाला, की पहिल्याला निरोप दिला जातो. म्हणूनच शाळा सुटल्यावरचा मोकळा तास शिकवणीने घेतला, मे महिन्याची सुट्टी 'व्यक्तिमत्त्व विकास शिबिरा'ने घेतली आणि उरलेसुरले मैदान प्रशिक्षकाच्या शिट्टीने घेतले. मुले अजूनही धावतात, परंतु कोणासाठी धावायचे हे दुसराच कोणीतरी ठरवतो. मुलाला मात्र ह्यातील फरक अचूक कळतो. शिबिरातून परतलेले मूल दाराशी चपला भिरकावून विचारते, "आता मी खेळायला जाऊ?"

खेळ म्हणजे नेमके काय, ह्याचा कसून विचार योहान हाइझिंगा ह्या डच इतिहासकाराने केला. 'होमो लुडेन्स', म्हणजे 'खेळणारा माणूस', हा त्यांचा ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. खेळाची त्यांनी दाखवलेली लक्षणे आपल्याला अंगणातल्या लगोरीतही ताडून पाहता येतात. खेळ स्वेच्छेने खेळला जातो, हुकमाने नव्हे. त्याला जागेची आणि काळाची सीमा असते. आखलेल्या रेषेच्या आत एक निराळे जग सुरू होते आणि दिवेलागणीला ते मिटते. त्या जगाचे नियम कडक असतात. दिवसभर आईचे न ऐकणारा मुलगा "तू बाद!" ह्या दोन शब्दांपुढे मात्र मान तुकवतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खेळातून खेळाबाहेरचे काही मिळवायचे नसते. सात ठिकऱ्या एकावर एक रचल्याने जगाचे कोणतेही काम होत नाही. तरीही त्या रचण्यासाठी जीव टाकला जातो.

भातुकलीत तर ह्याहून सूक्ष्म गोष्ट घडते. करवंटीतली माती म्हणजे भात आहे, असे पाच वर्षांची मुलगी सांगते. ती खोटे बोलत नाही आणि भ्रमातही नसते. ती माती तोंडात घालीत नाही, ह्यावरूनच तिला सत्य ठाऊक असल्याचे दिसते. डोळ्यांना दिसणारे एक आणि मनाने मानलेले दुसरे, अशी दोन सत्ये ती एकाच वेळी हातात धरते आणि दोन्हींचा मान राखते. ह्यालाच आपण कल्पनाशक्ती म्हणतो. जे आहे ते नाकारणे म्हणजे कल्पना नव्हे. जे आहे त्यात आणखी काय दडलेले असू शकेल हे पाहण्याची ती दृष्टी आहे. बियाणे पेरणाऱ्या शेतकऱ्याला ती लागते आणि रुग्णापाशी बसणाऱ्या परिचारिकेलाही ती लागते. वेदीवरच्या भाकरीपुढे गुडघे टेकणाऱ्या भाविकाची श्रद्धा ही कल्पना नव्हे, हे खरेच. परंतु दिसते त्यापलीकडे पाहण्याची सवय ज्या मनाला कधीच लागली नाही, त्याला श्रद्धेची भाषा समजणेही कठीण जाते.

मुलांच्या खेळातला एक शब्द मला नेहमी विचार करायला लावतो. लपंडावात किंवा पकडापकडीत ज्याच्यावर डाव येतो, त्याच्यावर 'राज्य आले' असे मुले म्हणतात. ज्याच्यावर राज्य असते तो ऐटीत बसत नाही. तो डोळे मिटून आकडे मोजतो, धावतो, धापा टाकतो, सर्वांना शोधीत हिंडतो. राज्य म्हणजे गाजवण्याची सत्ता नसून इतरांचा खेळ चालू राहावा म्हणून पत्करलेले कष्ट, असा अर्थ मराठी मुलांनी त्या शब्दाला दिला आहे. देवाचे राज्य बालकाप्रमाणे स्वीकारले पाहिजे, हे प्रभू येशूचे सांगणे संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येते. ज्याला पहिला व्हायचे आहे त्याने सर्वांचा दास व्हावे, हेही त्याच अध्यायात पुढे येते. ह्या दोन वचनांमधला सांधा आपली मुले रोज संध्याकाळी अंगणात जुळवीत असतात.

आता कोणी म्हणेल, की हे सारे मुलांपुरते ठीक आहे. मोठ्या माणसाने, त्यातही धार्मिक माणसाने, खेळणे शोभते का? हा प्रश्न ख्रिस्तसभेत फार जुना आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास ह्यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिए' ह्या महाग्रंथात त्यावर स्वतंत्र चर्चा केली. दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील १६८व्या प्रकरणात त्यांनी विचारले, की खेळात सद्गुण असू शकतो काय? त्यांचे उत्तर होकारार्थी आहे. ॲरिस्टॉटलने वापरलेला 'युट्रापेलिया' हा ग्रीक शब्द ते स्वीकारतात. त्याचा मूळ भाव 'चटकन आणि छान वळू शकणारा' असा आहे. गंभीर कामाकडून आनंदाकडे आणि आनंदाकडून पुन्हा कामाकडे ज्याचे मन न मोडता वळते, तो हा सद्गुणी माणूस.

ह्याच ठिकाणी संत थॉमस एक जुनी आख्यायिका सांगतात. शुभवर्तमानकार संत योहान आपल्या शिष्यांसोबत खेळत असल्याचे पाहून काही लोकांना धक्का बसला. तेव्हा त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला योहानांनी बाण सोडायला सांगितले. त्याने अनेक बाण सोडल्यावर त्यांनी विचारले, "असेच अखंड करीत राहशील काय?" तो म्हणाला, "तसे केले तर धनुष्य मोडेल." माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानांनी त्यावर सुचवले.

संत थॉमस येथेच थांबत नाहीत. खेळाचा अतिरेक जसा दोष आहे, तसा खेळाचा अभाव हाही दोष आहे काय, असे ते पुढे विचारतात आणि तोही दोष आहे, असा निर्वाळा देतात. जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या निर्दोष आनंदात मोडता घालतो, तो इतरांवर ओझे होऊन बसतो, असे त्यांचे कारण आहे. अतिरेकापेक्षा अभावाचा दोष सौम्य असल्याचेही ते प्रामाणिकपणे नोंदवतात. पण सौम्य असला तरी तो दोषच. पापस्वीकाराच्या तयारीत "मी माझ्या घरातला आनंद विझवला काय?" असा प्रश्न आपल्यापैकी किती जण स्वतःला विचारतात? घरात पाऊल टाकताच मुलांचा आवाज बंद होतो, ह्याला पुष्कळ वडील 'दरारा' म्हणतात. संत थॉमसच्या तराजूत त्याचे वजन निराळे भरेल.

तरीही धनुष्याचा दृष्टान्त आपल्याला वाटेच्या अर्ध्यावरच आणून सोडतो. प्रत्यंचा सैल करायची ती पुन्हा बाण सोडण्यासाठीच. खेळ येथेही कामाच्या सेवेत आहे. ह्यापुढचे पाऊल विसाव्या शतकात रोमानो ग्वार्दिनी ह्या धर्मगुरूने टाकले. इटलीत जन्मलेल्या आणि जर्मनीत वाढलेल्या ग्वार्दिनींनी १९१८ साली उपासनेच्या स्वरूपावर एक छोटेसे पुस्तक लिहिले. त्यातील एक संपूर्ण प्रकरण उपासना आणि खेळ ह्यांच्या नात्यावर आहे. काही गोष्टींना प्रयोजन असते आणि काही गोष्टींना अर्थ असतो, असा भेद ते करतात. किल्लीला प्रयोजन आहे. तिने कुलूप उघडले नाही, तर ती व्यर्थ. पण फुलाचे, गाण्याचे, मुलाच्या नाचण्याचे प्रयोजन काय? काही नाही. तरी ती निरर्थक नाहीत, कारण त्यांचा अर्थ त्यांच्यातच आहे. उपासनाही तशीच आहे. धूप, मेणबत्त्या, झगे, मिरवणूक, ठरलेले शब्द आणि ठरलेल्या हालचाली, ह्या सर्वांतून बाजारात मोजता येईल असे काहीच निष्पन्न होत नाही. देवासमोर देवासाठी असणे, एवढेच ते आहे.

पवित्र शास्त्राला ही दृष्टी परकी नाही. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात देवाचे ज्ञान सृष्टीच्या आरंभी देवाजवळ असल्याचे आणि त्याच्यासमोर नित्य आनंदाने बागडत असल्याचे वर्णन आहे. जुन्या लॅटिन भाषांतरात तेथे सरळ 'खेळणे' हेच क्रियापद वापरले आहे. उत्पत्तीच्या कथेतही सातवा दिवस हा पुढच्या सहा दिवसांच्या कामासाठी घेतलेला विसावा नाही. देव थकला होता असे कोणी म्हणणार नाही. ते सहा दिवसच सातव्यासाठी आहेत. कराराच्या कोशापुढे दावीद राजा बेभान नाचला, तेव्हा खिडकीतून ते पाहणाऱ्या मीखलला त्याची किळस आली. राजाने राजासारखे वागावे, असे तिला वाटले. दावीदला मात्र त्या क्षणी आपल्या प्रतिष्ठेचा विसर पडला होता. प्रतिष्ठेचा तो विसर हाच त्याच्या भक्तीचा पुरावा होता.

आपल्या मातीलाही हे अपरिचित नाही. संत एकनाथांनी फुगडी, पिंगा, हुतूतू अशा खेळांची रूपके घेऊन रचना केल्या. सामान्यांच्या अंगणातले खेळ त्यांना परमार्थ सांगण्यासाठी हलके वाटले नाहीत.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे, की खेळ ही श्रमाची मजुरी नव्हे. ती न कमावता मिळालेली देणगी आहे, आणि देणगी स्वीकारण्याचे पहिले शिक्षण माणसाला खेळातच मिळते. ज्याने आयुष्याचा प्रत्येक तास काहीतरी मिळवण्यासाठी वापरला, त्याला कृपेचा अर्थ कसा समजावा? फुकट मिळालेले त्याला संशयास्पद वाटते. तो प्रार्थनेतही हिशेब मांडतो, की इतक्या नोव्हेना केल्या, अजून फळ का नाही? मैत्रीतही तो उपयोग शोधतो. आणि निवृत्तीच्या दिवशी त्याच्या हातून काम सुटते, तेव्हा त्याला आपण स्वतःच निरुपयोगी वाटू लागतो. मुलाचा खेळ हिरावून घेताना आपण त्याचे केवळ दोन तास घेत नसतो. आपण काही करून दाखवले नाही तरी आपल्याला किंमत आहे, हा विश्वास त्याच्यापासून हिरावून घेत असतो.

कल्पनाशक्तीचा सदसद्विवेकाशीही फार जवळचा संबंध आहे. दावीद राजाने उरियाची पत्नी आपलीशी केली आणि उरियाला रणात मारवले. तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला. त्याने आज्ञांची यादी वाचून दाखवली नाही. एका गरिबाची लाडकी मेंढी आणि ती हिरावणारा श्रीमंत, अशी साधी गोष्ट त्याने सांगितली. आज्ञा दावीदला पाठ होत्या, पण त्यांनी त्याला अडवले नव्हते. गोष्टीने मात्र त्याला क्षणभर त्या गरिबाच्या झोपडीत नेऊन उभे केले आणि मग त्याचा स्वतःवरचाच क्रोध उफाळून आला. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहता येणे, ही कल्पनेची करामत आहे, आणि तिच्याशिवाय शेजारप्रीतीची आज्ञा कागदावरच राहते. 'आता तू दुकानदार, मी गिऱ्हाईक. आता मी दुकानदार, तू गिऱ्हाईक' असे म्हणत भूमिका बदलणारी मुले नकळत हेच शिकत असतात.

ह्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. खेळ आणि कल्पना ही पोट भरलेल्यांची चैन नाही काय? ज्या घरात आठ वर्षांचे मूल गुरे राखते किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरते, त्या घराला ह्या गप्पा कशासाठी ऐकवायच्या?

ह्याचे उत्तर आपल्या शेजारच्या डहाणू तालुक्यातच देऊन झाले आहे. गिजुभाई बधेका ह्यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डी येथे आल्या. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथील वारली मुलांमध्ये रुजले. शहरातली महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून चिंचोके, शिंपले, पाने, दगडगोटे आणि माती हीच खेळणी झाली. मूल गुरांमागे जाते म्हणून शाळेत येत नाही, असे दिसले, तेव्हा शाळाच मुलामागे रानात गेली. त्या प्रयोगाला नाव पडले 'कुरणशाळा'. ताराबाई १९७३ मध्ये आणि अनुताई १९९२ मध्ये निवर्तल्या, परंतु त्यांनी दाखवून दिलेली गोष्ट कायमची आहे. गरिबाच्या मुलाला खेळाची गरज कमी नसते. त्याच्या वाट्याला फक्त खेळाची सवड कमी येते, आणि ती सवड त्याला मिळवून देणे हा न्यायाचा प्रश्न आहे, दयेचा नव्हे. शब्बाथाची आज्ञा आठवा. विश्रांती मालकाला सांगितली तशीच दासाला, परक्याला आणि गोठ्यातल्या जनावरालाही सांगितली आहे.

जगानेही हे उशिरा का होईना, मान्य केले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१वे कलम मुलाचा विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क मान्य करते. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. आपल्या देशातील २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे, असे नमूद आहे. हक्क कागदावर आला आहे, तो अंगणात आणायचा आहे.

दुसरा आक्षेप ह्याहून जड आहे. दुःखाच्या आणि मृत्यूच्या सावलीत खेळाला जागा असते काय? ह्याचे उत्तर मी शब्दांनी देण्याचे धाडस करणार नाही. एक घडलेली हकीगत सांगतो. यानुश कोर्चाक हे पोलंडमधील ज्यू डॉक्टर आणि मुलांसाठी लिहिणारे लेखक वॉर्सा शहरात अनाथाश्रम चालवीत. नाझींनी त्या शहरातील ज्यूंना भिंतीआड कोंडले, तेव्हा हा अनाथाश्रमही त्या कोंडवाड्यात ढकलला गेला. अन्न नाही, औषध नाही, रस्त्यांवर प्रेते, अशा त्या १९४२ च्या जुलै महिन्यात, १८ तारखेला, त्या अनाथ मुलांनी एक नाटक केले. नाटक होते रवींद्रनाथ टागोरांचे 'डाकघर'. आजारी म्हणून खोलीत कोंडला गेलेला अमल नावाचा मुलगा खिडकीतून जग पाहतो, येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलतो आणि राजाचे पत्र आपल्या नावे येईल म्हणून वाट पाहतो, अशी त्याची कथा. चारच दिवसांनी वॉर्सातून ज्यूंना मृत्युछावणीत नेणे सुरू झाले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे २०० मुलांना ट्रेब्लिंका येथे नेण्यात आले. कोर्चाक त्यांच्यासोबत गेले.

त्या नाटकाने एकही मूल वाचले नाही. उपयुक्ततेच्या मापाने मोजाल, तर तो प्रयोग पूर्णपणे निष्फळ ठरतो. परंतु ज्यांना मारणारे केवळ आकडे म्हणून मोजत होते, ती मुले त्या संध्याकाळी कोणी अमल होती, कोणी दहीविक्या होती, कोणी फुले वेचणारी सुधा होती. भिंतीला खिडकी पाडण्याचे सामर्थ्य त्यांच्याकडून कोणालाही काढून घेता आले नाही. पुढे १९७८ मध्ये बालहक्क संहितेचा प्रस्ताव जगापुढे मांडला तो कोर्चाकच्याच पोलंडने.

असे असले, तरी खेळाच्या नावाखाली जे जे चालते ते सर्व चांगलेच, असे मात्र नाही. संत थॉमसनी तीन पथ्ये सांगितली आहेत. खेळ अश्लील किंवा कोणाला इजा करणारा नसावा, त्यात मनाचा तोल जाऊ नये आणि तो व्यक्तीला, स्थळाला व वेळेला शोभणारा असावा. ज्याच्यावर सगळे हसतात पण जो स्वतः हसत नाही, असा एक जरी मुलगा वर्गात असेल, तर तो खेळ नव्हे, ती छळणूक आहे. पैसे लावून खेळणे हाही खेळाचा विटाळच आहे, कारण तेथे नजर खेळावरून उडून खिशावर जाते. ऑनलाइन जुगाराने घरे उद्ध्वस्त होऊ लागल्यावर २०२५ मध्ये केंद्र सरकारला पैशांच्या अशा खेळांविरुद्ध कायदा करावा लागला.

आणि मोबाइल? त्याविषयी एकच कसोटी पुरे आहे. मूल खेळत आहे, की त्याला खेळवले जात आहे? खऱ्या खेळाला शेवट असतो. पडद्यावरचे पुष्कळ खेळ संपूच नयेत, अशाच बेताने रचलेले असतात. खऱ्या खेळातून मूल दमून पण ताजे होऊन परतते. पडद्यापासून उठलेले मूल न दमता मरगळलेले असते. हीच कसोटी जेवणाच्या ताटावर मोबाइल धरून बसणाऱ्या आईवडिलांनाही लागू आहे. करमणूक विकत मिळते. खेळ मात्र स्वतःच खेळावा लागतो.

मोठ्यांनी खेळायचे म्हणजे तरी काय करायचे? उत्तर दूर शोधायला नको. डिसेंबर महिना लागला की आपल्याकडे एरवी गंभीर असलेली माणसे काय करतात, ते पाहा. बँकेत हिशेब तपासणारा गृहस्थ भुशाची वाट आखतो. कोणी आरशाच्या तुकड्याचे तळे करतो. कोणी डब्यात पेरलेली नाचणी कितपत उगवली, ते दिवसातून तीनदा पाहतो. मेंढपाळ पुलाच्या अलीकडे की पलीकडे, ह्यावर दोन मेहुण्यांत वाद रंगतो. नाताळगोठा हा प्रौढांचा भातुकलीचा खेळ आहे, आणि हे मी गौरवाने म्हणतो. १२२३ सालच्या नाताळात इटलीतील ग्रेचो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने गव्हाण, गवत, बैल आणि गाढव मागवले ते प्रवचनाची शोभा वाढवण्यासाठी नव्हे. बाळ येशूचा जन्म कोणत्या हालअपेष्टांत झाला, हे त्याला डोळ्यांनी पाहायचे होते. फ्रान्सिसला देहधारणेचा सिद्धान्त ठाऊक होता. त्याला त्या सिद्धान्ताच्या आत शिरायचे होते, आणि आत शिरण्याचे दार कल्पनेचे होते.

म्हणून कुटुंबांना माझी विनंती साधी आहे. रविवारची संध्याकाळ शिकवणीला देऊ नका. मुलांना दिवसाचा एखादा तास असा द्या, की त्याचे काय केले हे तुम्ही विचारणार नाही. 'कंटाळा आला' असे मूल म्हणाले, तर लगेच हातात काही देऊ नका. कंटाळ्याच्या बांधावरच कल्पनेचे रोप उगवते. गोष्ट सांगा, पण तात्पर्य सांगण्याची घाई करू नका. चर्चचे आवार उपासनेनंतर मोटारींनी भरून टाकण्याऐवजी त्यातला एक कोपरा मुलांसाठी मोकळा राहील, असे धर्मग्रामाने पाहावे. आणि जमेल तेव्हा, कसलाही हेतू न ठेवता, स्वतःही खेळात उतरा.

जखऱ्या संदेष्ट्याच्या काळी येरुशलेम उद्ध्वस्त होते. बंदिवासातून परतलेल्या लोकांना धीर देताना त्याने भावी नगरीचे जे चित्र रंगवले, ते त्याच्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात आहे. ह्या चित्रात त्याने तटबंदीची उंची सांगितली नाही, सैन्याची संख्या सांगितली नाही, खजिन्याचा आकडाही सांगितला नाही. चौकांत हातात काठी घेऊन बसलेले म्हातारेम्हाताऱ्या आणि त्याच चौकांत खेळणारी मुलेमुली, एवढेच त्याने दाखवले. देवाने वाचवलेले शहर ओळखायचे कसे, तर असे. म्हाताऱ्यांना तेथे बसायला भय नाही आणि मुलांना खेळायला मज्जाव नाही.

आपले घर आणि आपला धर्मग्राम ह्या कसोटीला उतरतो काय, हे प्रत्येकाने आपापल्या अंगणात पाहावे. आणि पाहायला बाहेर आलेल्या आजोबांचा हात धरून एखादे पोर म्हणाले, "आजोबा, तुमच्यावर राज्य!", तर त्यांनी नाही म्हणू नये. डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजावेत.